टाकाऊतून टिकाऊ हमिंगबर्ड फीडर: पक्ष्यासाठी की आपल्या हौसेसाठी?

खटपट्या (एडिसन, न्यू जर्सी)
एप्रिल संपत आला की आमच्याकडे रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड मेक्सिको, मध्य अमेरिकेतून परत येतात. यंदा आमच्या भागात मुलांसाठी 'सोड्याच्या बाटलीपासून फीडर' (म्हणजे त्यांना साखरपाणी पाजायचं टांगतं भांडं) अशी कार्यशाळा ठरली आहे. माझा याला साफ विरोध.

बाटली उलटी टांगायची, बुचाला भोक पाडून वाकडी स्ट्रॉ खोचायची. फोटोत झकास दिसतं. पण तिचं तोंड एवढंसं, खांद्याच्या वळणात ब्रश पोचत नाही आणि उकळतं पाणी ओतलं की बाटली आक्रसते. तिथेच काळ्या बुरशीचे ठिपके धरतात. उन्हाळ्यात साखरपाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, म्हणजे ही बाटली सारखी घासायला हवी, आणि ती घासताच येत नाही. पिणारा पक्षी एक सेंटच्या नाण्याहून जेमतेम जड! टाकाऊ वस्तू जरूर वापरा, पण जिच्यात आपला अख्खा हात जातो अशी.

अनघा_के
ती कार्यशाळा मीच घेतेय, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. :)
घासायला सांगतंय कोण? बाटली मुळातच कचऱ्यात जाणार होती. तीन दिवस वापरायची, रिसायकलच्या डब्यात टाकायची, नवी लावायची. बूच आणि तार तेवढी धुवायची. घरोघरी लोक वीस-पंचवीस डॉलरचे फीडर आणतात आणि महिनाभर धूत नाहीत, त्यांच्यावर कोणी असा चर्चेचा धागा काढत नाही.

खटपट्या
मग यात टिकाऊ काय राहिलं? बरं, बाटली बदलाल, त्या स्ट्रॉचं काय? तिच्या आतून काही फिरवता येतं का?

ऊन_ऑस्टिनचं
बुरशी राहू दे, आमच्याकडे आधी गळतीचं बोला. उलट्या बाटलीत पाणी धरून ठेवते ती आतल्या हवेची पोकळी. दुपारी ऊन लागलं की ती हवा फुगते आणि साखरपाणी बाहेर ढकलते. बाटली जितकी रिकामी, तितकी हवा जास्त, तितकी गळती जास्त. टेक्सासात दुपारी खाली थारोळं, चारला मुंग्या, पाचला गांधीलमाश्या. आमचे ब्लॅक-चिन्ड हमिंगबर्ड बिचारे लांबून बघून जातात.
आणि मुंग्यांसाठी तारेला तेल किंवा व्हॅसलिन फासू नका, ते पिसांना चिकटतं. स्प्रेच्या डब्याचं झाकण तारेत ओवून त्यात साधं पाणी भरायचं, मुंगी ते ओलांडत नाही. भोकाच्या कडेनं मात्र नीट लांबी (पुट्टी) भरा.

बरणीवाले काका (सॅन होजे)
अहो, उलटं टांगायचंच कशाला? दह्याचा किंवा आइसक्रीमचा बसका डबा घ्या, तळाला त्रिकोणात ५ आकडा छापलेला. ते प्लास्टिक गरम पाणी सोसतं. झाकणाला तीन-चार मिलिमीटरची चार भोकं पाडा, कडा बारीक कानशीनं गुळगुळीत करा. साखरपाणी झाकणाच्या खाली बोटभर ठेवा, पक्ष्याची जीभ आरामात पोचते. पाणी भोकाच्या खालीच असल्यामुळे उन्हानं गळायचा प्रश्न नाही. पक्षी डब्याच्या काठावर टेकून पितो. झाकण लाल असेल तर पक्ष्याला ओढायचं रंगाचंही काम झालं. लाल करायला नेलपॉलिश फासू नका आणि पाण्यात खायचा लाल रंग तर मुळीच नको.
लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण मात्र घेऊ नका. भोक पाडलं की कडेला गंज धरतो, आणि आतल्या रबरात मुरलेलं तेल सात वेळा धुतलं तरी निघत नाही.

पेठेतला_पोपट (पुणे)
आमच्या जास्वंदीवरही हमिंगबर्ड येतो. त्याला गूळपाणी ठेवलं तर?

बरणीवाले काका
तो शिंजीर (सनबर्ड) हो! हमिंगबर्ड दोन्ही अमेरिका सोडून जगात कुठेच नाहीत. तुमच्याकडे जास्वंद आहे, तेच त्याला पुरे. इकडच्या मंडळींसाठीही सांगतो: गूळ आणि ब्राउन शुगर नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मधानं बुरशी लवकर धरते. एक भाग साधी पांढरी साखर, चार भाग पाणी. बस्स.

दीड_शहाणा
आंबलं तर आंबलं, पिऊ दे की थोडी! बर्कले विद्यापीठातल्या रॉबर्ट डडली यांच्या चमूनं २०२३ मध्ये दाखवलंय की ॲनाज हमिंगबर्ड एक टक्का अल्कोहोलचं साखरपाणी बिनतक्रार पितात.

खटपट्या
पुढचं अर्धं वाक्य गाळलंत. दोन टक्के केल्यावर त्यांनी पिणं निम्म्यावर आणलं. आणि ते प्रयोगातलं मोजून घातलेलं अल्कोहोल होतं, बुरशीचा त्यात संबंध नव्हता.

मातीतली_माणसं (ओरेगन)
मुळात फीडरच कशाला हवा? ॲनाज पूर्वी मुख्यतः कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतल्या बाहा भागात घरटी करायचा. आता कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंत बारमाही राहतो, त्यात परदेशी फुलझाडांबरोबर आपल्या फीडरांचा हात आहे. एका पक्ष्याचा नकाशा बदलायचा आणि त्याला मुलांची हस्तकला म्हणायचं! न्यू जर्सीत असाल तर कार्डिनल फ्लॉवर हे लाल फुलांचं झाड लावा, कुंडीतही येतं, फक्त माती ओली ठेवा. झाडावर कोळी आणि चिलटंही येतात, पिल्लांना तीच लागतात. साखरपाण्यात प्रथिनं कुठली?

अनघा_के
कार्डिनल फ्लॉवर फुलतं जुलै-ऑगस्टमध्ये, पक्षी येतो एप्रिलअखेर. मधले दोन महिने त्यानं काय माझ्या कुंडीतली पानं बघायची? चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत एक डबा टांगला म्हणून कोणाचा नकाशा बदलत नाही. आणि नऊ वर्षांच्या पोराला 'झाड लाव, तीन महिने थांब' म्हटलं तर ते आयपॅड उघडतं. आधी पक्षी हातभर अंतरावर येऊ दे, मग पोर झाड आपोआप मागेल.

मातीतली_माणसं
हा मुद्दा नाही पटला. पोराला करमत नाही ही पक्ष्याची अडचण नव्हे. आणि रानटी कोलंबाइन हे फुलझाड मेमध्येच फुलतं, तुमच्याकडचंच आहे, एका कुंडीत तेही लावा.

ऊन_ऑस्टिनचं
दोन्ही करा की. आणि बाल्कनीचा विषय निघालाच आहे तर, फीडर काचेपासून तीन फुटांच्या आत टांगा. तेवढ्या अंतरात पक्ष्याला वेग धरता येत नाही, आपटला तरी बचावतो. चार-सहा हातांवर टांगलात तर तिथून तो सुसाट निघतो आणि काचेवर जातो.

नवीन_आलेली
सप्टेंबरात फीडर काढला नाही तर ते दक्षिणेला जायचं विसरतात, असं शेजारीण म्हणते. खरं का?

खटपट्या
नाही. दिवस लहान होऊ लागला की ते निघतात, डबा भरलेला असो वा नसो. उलट उशिरा निघालेल्या एखाद्याला वाटेत घोटभर मिळतं. पण तोवर धुणं चालूच ठेवायचं.

अनघा_के
बरं, काकांचा दह्याचा डबा घेते, स्ट्रॉ रद्द. सोड्याच्या बाटल्यांवर मी अजून ठाम आहे, मोठ्या मुलांचं टेबल त्यांचंच असेल. खटपट्या, शनिवारी दहा वाजता या आणि धुण्याचं टेबल सांभाळा. ब्रश घेऊन या.

खटपट्या
येतो. ब्रश दोन आणतो, एक तुमच्या मोठ्या मुलांच्या टेबलावर ठेवतो. बाटलीच्या खांद्यात घालून दाखवा म्हणावं.