बाबांचे पाच डॉक्टर, पण एकमेकांशी कोणीच बोलत नाही. तुम्ही कसं सांभाळता?

शेवटचा_बाक:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

बाबा ७९ वर्षांचे. हार्ट, किडनी, प्रोस्टेट, गुडघे आणि गेल्या वर्षापासून थोडा विसराळूपणा, असा सगळा संसार आहे. प्रत्येकाला वेगळा डॉक्टर आणि खरं सांगायचं तर डॉक्टर म्हणून प्रत्येक जण चांगलाच आहे, कोणा एकाबद्दल तक्रार नाहीये. तक्रार अशी की हार्टवाल्यांना किडनीवाल्यांनी काय बदललं ते मीच सांगायचं, किडनीवाल्यांना मेमरीवाल्यांचं मीच सांगायचं, आणि माझी मेडिकलची अक्कल म्हणजे गोळीचा रंग आणि सकाळ-संध्याकाळ एवढीच.

मागच्या महिन्यात न्यूमोनिया झाला म्हणून नऊ दिवस अॅडमिट होते. संध्याकाळी अचानक डिस्चार्ज, बेड हवा होता म्हणे, सिस्टरने गोळ्यांची पिशवी हातात दिली आणि कागदावर शेवटी एक ओळ, 'पूर्वीची औषधे चालू ठेवणे'. बाबा शिस्तीचे, त्यांनी पिशवीतल्या नवीन गोळ्या पण घेतल्या आणि डब्यातल्या जुन्या पण. अकरा दिवस. सकाळी उठलं की चक्कर, आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे, आजारातून उठलेत, होणारच. मग एक दिवस बाथरूमच्या दाराशीच मटकन खाली बसले. बीपी बघितलं तर ९२/५८. त्या रात्री मी सगळ्या स्ट्रिप टेबलावर पसरून मोबाईलच्या टॉर्चमध्ये मागची बारीक अक्षरं वाचत बसलो, एक निळी स्ट्रिप, एक चंदेरी, कंपन्या वेगळ्या, वरची नावं वेगळी, आणि खाली दोन्हीवर टेल्मिसार्टन ४०, म्हणजे बीपीची एकच गोळी दोनदा. एका स्ट्रिपचा तुकडा तर असा कापलेला की नाव गेलेलं, फक्त एक्स्पायरी राहिलेली.

आणि हे कमी म्हणून पाण्याचा घोळ. हार्टवाले म्हणतात दिवसाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, लघवीचे डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन परत परत होतंय, भरपूर पाणी प्या. बाबा विचारतात, 'मग मी ऐकू कोणाचं?' काय सांगणार, कप्पाळ?

तर प्रश्न असा की या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं कसं? का हे होतच नसतं आणि आपणच पोस्टमनकी करत राहायची?

---

उंबरठा:

दादा, तुमचं वाचताना आमच्याच घरचं वाचतेय असं वाटलं. सासूबाईंचं सहा वर्षं करतेय मी. भली मोठी फाइल घेऊन जात होते आधी, कोणी उघडायचंच नाही, डॉक्टरांकडे दहा मिनिटं, त्यात फाइल कोण वाचणार. मग एक पान केलं. एकच. वरती आजार, अॅलर्जी, शेवटचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) तारखेसकट, आणि खाली औषधांचा तक्ता. औषधाचं मूळ नाव लिहायचं, कंपनीचं नाही, तुमची निळी-चंदेरी भानगड तिथल्या तिथे पकडली गेली असती बघा.

पण खरी गंमत 'कशासाठी' या रकान्यात आहे. नाव, डोस, कधी घ्यायची हे सगळेच लिहितात. त्याच्या पुढे कशासाठी, कोणी चालू केली, कधी चालू केली आणि कधीपर्यंत घ्यायची हे लिहायला बसले तेव्हा चौदातल्या तीन गोळ्यांपुढे 'कशासाठी' कोरं राहिलं. कोणालाच माहीत नव्हतं! एक तर अॅसिडिटीची गोळी, चार वर्षांपूर्वी पेनकिलरसोबत पंधरा दिवसांसाठी दिलेली, पेनकिलर केव्हाच बंद झालं पण ही आपली चालूच. डॉक्टरांसमोर ते कोरे चौकोन ठेवले, बाकी काही बोलावं लागलं नाही.

आणि हो, ड्रॉप्स, मलमं, व्हिटॅमिन, आपल्या मनाने घेतलेली चूर्णं सगळं लिहा. काचबिंदूसाठी सासूबाईंना टिमोलॉलचे ड्रॉप्स होते, ते डोळ्याचं म्हणून मी यादीत धरलेच नव्हते. हार्टचे डॉक्टर मेटोप्रोलॉल देत होते. दोन्ही एकाच जातीची, नाडी मंद करणारी औषधं, ड्रॉप्ससुद्धा नाकातून रक्तात उतरतात हे मला काय माहीत, नाडी ४४ वर आली तेव्हा कळलं. आता ड्रॉप टाकल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा असं शिकवलंय, म्हणजे पोटात... सॉरी रक्तात कमी जातं.

---

रात्रपाळी:

मी वॉर्डात काम करतो, फिजिशियन, चौदा वर्षं झाली. आतली बाजू सांगतो, सफाई देत नाहीये.

डिस्चार्जचा कागद बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात ज्युनिअर माणूस लिहितो, एका हातात फोन, समोर अजून चार डिस्चार्ज. पेशंट घरी काय घेत होता ही यादी अॅडमिशनच्या रात्री घाईत लिहिलेली असते, तीच पुढे उतरत जाते. 'पूर्वीची औषधे चालू ठेवणे' ही ओळ म्हणजे शुद्ध आळस आहे, मीही लिहिलीय एके काळी. पेशंट घरातून वॉर्डात, वॉर्डातून घरी, असा जागा बदलतो तेव्हाच सगळ्यात जास्त घोळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारं नुकसान कमी करायची मोहीम काढली तेव्हा तीनच गोष्टींवर बोट ठेवलं होतं, एकाच वेळी खूप औषधं, जोखमीची औषधं आणि प्रसंग, आणि हे जागा बदलणं. तुमच्या बाबांच्या बाबतीत पहिली आणि तिसरी एकदम जमून आली.

दुसरं, दुसऱ्याने चालू केलेली गोळी बंद करायला आम्ही घाबरतो. चालू करायला कोणाला विचारावं लागत नाही, बंद करताना मात्र वाटतं त्यांनी काही विचार करून दिली असेल. त्यामुळे यादी वाढत जाते, कमी होत नाही. आणि मग साखळी सुरू होते. बीपीसाठी अॅम्लोडिपिन दिलं, पाय सुजले (हा त्या गोळीचा नेहमीचा त्रास), दुसऱ्या डॉक्टरला सूज दिसली, लघवी जास्त होण्याची गोळी दिली, पेशंट रात्री चार वेळा उठायला लागला, अंधारात पडला, हाडवाल्याकडे गेला, पेनकिलर मिळालं, ते किडनीला लागलं. प्रत्येकाने समोर दिसलं त्याचं बरोबरच उत्तर दिलं आणि एकूण बेरीज चुकली.

तुम्ही विसराळूपणा आणि प्रोस्टेट दोन्ही लिहिलंय म्हणून मुद्दाम सांगतो. मेमरीसाठी डोनेपेझिल चालू आहे का बघा. त्याने काहींना लघवीची घाई होते, मग कोणीतरी ती घाई थांबवायला ऑक्सिब्युटिनिन देतं. एक गोळी मेंदूतलं अॅसिटिलकोलिन (नसांचे निरोप पोचवणारं रसायन) वाढवते, दुसरी त्याचाच परिणाम अडवते. एकाने ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने अॅक्सिलरेटर, असा प्रकार. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळायची औषधं म्हणून बीअर्सची यादी असते, १९९१ पासून आहे, २०२३ मध्येही सुधारलीय, तिच्यात ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधं आहेत. पण कृपा करून हे वाचून घरी काही बंद करू नका! मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. 'तुम्ही जरा एकमेकांशी बोला ना' असं म्हणून काहीही होत नाही, मान डोलावतील. एका डॉक्टरकडून दुसऱ्या डॉक्टरसाठी एकच ठोस प्रश्न लिहून घ्या, त्यांच्या सहीने. म्हणजे पाण्याचंच घ्या, लघवीच्या डॉक्टरांना विचारा, 'हार्टसाठी दीड लिटरची मर्यादा आहे, तेवढ्यात इन्फेक्शनचं काही करता येईल का, हे हार्टच्या डॉक्टरांना दोन ओळींत लिहून द्याल का?' बऱ्याचदा दुसऱ्याने मर्यादा घातलीय हेच त्यांना माहीत नसतं. किंवा समोर बसलेले असतानाच फोन लावायला सांगा. लावतात बरेच जण.

आणि एकच डॉक्टर निवडा ज्याला सगळ्या गोळ्या कमी-जास्त करायचा अधिकार असेल. जेरियाट्रिशियन, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा डॉक्टर, मिळाला तर उत्तम, नाहीतर नेहमीचे फॅमिली डॉक्टर. बाकीचे सल्ला देतील, बदल इथूनच होतील, हे त्या सगळ्यांनाही सांगून टाका. डिस्चार्जनंतर आठवड्याच्या आत त्यांना भेटाच, आणि अॅडमिट असताना केलेल्या कुठल्या टेस्टचा रिपोर्ट यायचा बाकी आहे हे विचारल्याशिवाय हॉस्पिटल सोडू नका. तो रिपोर्ट नंतर येतो आणि कोणीच बघत नाही.

---

तिरकस:

सगळं छान आहे, तक्ते करा, रकाने आखा, सह्या गोळा करा. पण मला एक सांगा, ज्याला तक्ता करणारा मुलगा नाही, सून नाही, त्याने काय करायचं? पंच्याऐंशी वर्षांची एकटी बाई, डोळ्यांना दिसत नाही, ती काय मूळ नावं वाचणार टॉर्चमध्ये? आपण आपल्या हुशारीने सिस्टीमची भोकं बुजवतो आणि सिस्टीमला वाटतं सगळं व्यवस्थित चाललंय.

हे काम पगारी माणसाचं आहे. अमेरिकेत एरिक कोलमन नावाच्या डॉक्टरांनी हे करून बघितलंय, २००६ मध्ये छापून आलं, ६५ च्या पुढच्या ७५० पेशंटवर. अर्ध्यांना एक नर्स दिली, ती हॉस्पिटलमध्ये भेटायची, घरी यायची, चार आठवडे फोन करायची, बस. काम काय, तर गोळ्या जुळवून देणं, स्वतःची नोंद स्वतःकडे ठेवायला शिकवणं, फॉलोअप होतोय ना बघणं आणि कुठलं लक्षण दिसलं की थांबायचं नाही हे सांगणं. ३० दिवसांत परत अॅडमिट होणारे नर्स नसलेल्यांत ११.९ टक्के, नर्स असलेल्यांत ८.३. रॉकेट सायन्स नाही, एक माणूस लागतो ज्याची ती नोकरी आहे.

स्वीडनमध्ये यॉनशॉपिंग भागात नव्वदच्या दशकाच्या शेवटी एस्थर नावाची एक आजी कल्पली, खूप आजार असलेली, इकडून तिकडे फिरणारी, आणि हॉस्पिटल, दवाखाने, घरी जाणाऱ्या नर्सेस सगळ्यांनी मिळून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, यात एस्थरसाठी चांगलं काय? आमच्या डिपार्टमेंटसाठी सोयीचं काय हा नाही. आणि आता कोणीतरी येऊन 'एक अॅप आहे' म्हणेल त्याआधीच सांगतो, अॅपमध्ये चुकीची यादी टाकली तर अॅप चुकीची यादीच दाखवतं.

---

उंबरठा:

@तिरकस पटतंय हो, पण सिस्टीम सुधारेपर्यंत सासूबाईंची नाडी थांबणार नाही ना.

---

धाकटी_पाती:

अजून एक बाजू सांगू का, डॉक्टरांचं सोडा, घरातल्यांचं कोऑर्डिनेशन! आम्ही तीन भावंडं. आईला डॉक्टरांकडे मी न्यायचे, फोनवर रिपोर्ट दादा ऐकायचा, आणि परदेशातली ताई रात्री काहीतरी वाचून तिसरंच सुचवायची. आईच्या गोळ्यांचे तीन तक्ते होते आमच्याकडे, तिन्ही वेगळे. शेवटी ठरवलं की यादी एकीच्याच हातात, बदल झाला की जुनं पान फाडायचं, नवीन पानावर तारीख, आणि फोटो सगळ्यांना. जुनं पान फाडणं सगळ्यात महत्त्वाचं हं, नाहीतर अॅम्ब्युलन्समध्ये नेमकं तेच सापडतं.

दुसरं म्हणजे बाबांना विचारलंत का कोणी? आम्ही आईला दोन वर्षं विचारलंच नाही. मग जेरियाट्रिक ओपीडीतल्या डॉक्टर बाईंनी पहिलाच प्रश्न आईला विचारला, मला नाही, की तुम्हाला काय करायचं असतं जे आता करता येत नाही? आई म्हणाली, संध्याकाळी खाली जाऊन मैत्रिणींमध्ये बसायचंय, पण लघवीच्या गोळीमुळे जाता येत नाही. तिच्या कुठल्याच डॉक्टरने ऐकलं नव्हतं हे, आम्हीही नाही. गोळी दुपारऐवजी सकाळी लवकर केली. एवढंच.

---

शेवटचा_बाक:

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी अपडेट देतोय.

टेल्मिसार्टनची एक स्ट्रिप गेली, ते फोनवरच झालं. तक्ता केला, तीन संध्याकाळी गेल्या, एकूण तेरा निघाल्या, त्यातल्या दोघींपुढे 'कशासाठी' कोरं. @रात्रपाळी, डोनेपेझिल आहे, ऑक्सिब्युटिनिन नाही, पण त्याच जातीची दुसरी एक गोळी आहे, मेमरीवाल्यांना माहीतच नव्हती. पुढच्या मंगळवारी फॅमिली डॉक्टरांकडे मोठी अपॉइंटमेंट घेतलीय, ते म्हणाले मी बघतो सगळं, फक्त बाकीच्यांचे फोन नंबर घेऊन या.

पाण्याची चिठ्ठी लिहून मिळाली. हार्टवाल्यांनी वाचली आणि म्हणाले, अरे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तीन वेळा सांगितलं होतं. पण ते जाऊ दे, आता १७०० मिली ठरलंय, आणि बाबांनी बाटलीवर मार्करने स्वतःच रेघ मारलीय.

@धाकटी_पाती, बाबांना विचारलं. म्हणाले, 'मला एकट्याने दाढी करायचीय, चक्कर न येता.' @तिरकस, एकट्या आजीचं उत्तर माझ्याकडेही नाही. आमच्या वरच्या मजल्यावर अशाच एक आहेत, त्यांच्या गोळ्यांचा डबा रविवारी बघायला जाणार आहे.