अमेरिकेच्या १७९०च्या जनगणनेतला जॉन मिलर नेमका कोणता? रोवन काउंटीतला पूर्वज शोधायला सल्ला हवा

शेवंती:
जावयांच्या घराण्याची वंशावळ लावते आहे. मागे मागे जात अमेरिकेच्या १८५०च्या जनगणनेपर्यंत पोचले. त्या वर्षी इंडियानात एक मिलर सापडतात, वय ५५, जन्म नॉर्थ कॅरोलिना. घरच्या बायबलात त्यांच्या वडिलांचं नाव जॉन आणि ठिकाण रोवन काउंटी (नॉर्थ कॅरोलिनातला एक जिल्हा), एवढंच लिहिलंय. १७९०च्या पहिल्या जनगणनेत मिलर ढिगाने आहेत आणि प्रत्येकापुढे नुसते आकडे. त्यावरून आपला माणूस ओळखता येतो का? आणि त्याच्याही मागे, इंग्रजांच्या वसाहतीच्या काळात, काय बघायचं? शक्यतो फुकट मिळणारी साधनं सांगा.

दप्तरदार:
ओळखता येतो, पण एका वर्षाच्या ओळीवरून नाही. १७९०, १८००, १८१०, १८२० अशा चारही ओळी एकाखाली एक मांडाव्या लागतात.

१७९०चे पाच रकाने असे: १६ व त्यावरचे गोरे पुरुष, १६च्या आतले गोरे मुलगे, सगळ्या वयाच्या गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम. नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. १८०० आणि १८१०मध्ये गोऱ्या स्त्रीपुरुषांचे वयाचे पाच-पाच गट झाले: १०च्या आत, १० ते १५, १६ ते २५, २६ ते ४४, ४५ व पुढे.

समजा १७९०ची ओळ २, ३, ४, ०, ० अशी आहे आणि १८००मध्ये त्याच नावापुढे पुरुषांचे आकडे १, १, २, ०, १ आहेत. शेवटचा एक बहुतेक घरधनी, म्हणजे त्याचा जन्म १७५५च्या सुमाराचा किंवा त्याआधीचा. १७९०चे १६च्या आतले तीन मुलगे दहा वर्षांनी १० ते २५ या वयात हवेत. १० ते १५मध्ये एक, १६ ते २५मध्ये दोन, जुळलं. सगळ्यात धाकटा १७९०नंतर झालेला. पण १७९०च्या दोन मोठ्या पुरुषांपैकी दुसरा १८००मध्ये या घरात नाही. तो वारला, परगावी गेला किंवा त्याने वेगळी चूल मांडली.

तुमचे इंडियानातले मिलर जन्मले १७९५च्या आसपास. तेव्हा १८००मध्ये असं घर शोधा जिथे १०च्या आतला मुलगा आहे, आणि १८१०मध्ये तोच १० ते १५च्या रकान्यात सरकलाय. १८५०मधलं वय दोन-तीन वर्षांनी चुकलेलं असू शकतं, म्हणून १८१०ला शेजारचा १६ ते २५चा रकानाही बघा. हे दोन्ही न जमणारे जॉन मिलर खोडत जायचं. शोध खोडण्यानेच पुढे सरकतो.

तीन ठिकाणी घोळ होतो. एक, घरात मोजलेला प्रत्येक मुलगा पोटचा नसतो; पुतण्या, गडी, शिकाऊ कारागीरही त्यातच. प्रमुखाशी नातं काय, हे १८८०पासून नोंदवायला लागले. दोन, १८२०मध्ये १६ ते १८चा जादा रकाना आहे आणि ती मुलं १६ ते २५मध्येही धरली आहेत. बेरीज करताना एकदाच घ्या. तीन, सरकारने छापील तक्ते दिले ते १८३०ला. त्याआधी मोजणाऱ्यांनी स्वतःच्या कागदावर हाताने रेघा मारल्या, त्यामुळे आकडा शेजारच्या रकान्यात सरकलेला असतो. म्हणून छापील सूचीवर थांबू नका, मूळ पानाचं चित्र उघडा आणि पानाच्या तळाची बेरीज ताडून पाहा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट आहे, ही पानं तिथे दिसतात.

वाटाड्या:
आधी नकाशा, मग नाव. रोवन १७५३मध्ये अँसनमधून निघाली. तिच्यातून १७७१मध्ये सरी, त्याच वर्षी ऑरेंजचा काही भाग जोडून गिल्फर्ड, १७८८मध्ये आयरडेल, १८२२मध्ये डेव्हिडसन आणि १८३६मध्ये डेव्ही. शेत तेच, घर तेच, पण कागद तीन काउंट्यांत विखुरलेले असतात. जुने कागद सहसा ज्या काउंटीत नोंदले तिथेच राहिले, नव्या काउंटीत आले नाहीत. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीने काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचे नकाशे तारीखवार तयार केले आहेत, तेही फुकट. मूळ जमिनीजवळचा ओढा सापडला की तो ओढा प्रत्येक तारखेला कोणत्या काउंटीत होता याचं टिपण करून ठेवा.

कोरांटी:
ताई, मिलर हे आडनाव तिथे बऱ्याचदा मूळचं म्युलर असतं. पेनसिल्व्हेनियातून ग्रेट वॅगन रोड या दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या गाडीरस्त्याने आलेली पुष्कळ जर्मन कुटुंबं रोवनमध्ये वसली. त्सिमरमानचा कार्पेंटर झाला, क्लाइनचा क्लाइन राहिला किंवा लिटल झाला. तेव्हा सूचीत एकच स्पेलिंग घालून थांबू नका. जुन्या हस्ताक्षरातला लांब एस एफसारखा दिसतो, म्हणून रॉसचं सूचीत भलतंच काही होतं. तसा बदल तुमच्या नावातल्या अक्षरांचाही करून पाहा.

सीनियर-ज्युनियर म्हणजे बापलेकच असं नाही. एका गावात एका नावाचे दोघे असले की थोरला सीनियर, धाकटा ज्युनियर, मग काका-पुतणे असोत वा परके. थोरला वारला की कालचा ज्युनियर सीनियर होतो.

जर्मन निघाले तर पेनसिल्व्हेनियाच्या शपथयाद्या सोडू नका. १७२७पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या परदेशी पुरुषांकडून राजनिष्ठेची शपथ घेत, आणि ज्यांना लिहिता येई त्यांची सही त्या यादीवर आहे. तीच सही रोवनमधल्या मृत्युपत्राखाली किंवा खरेदीखताखाली दिसली, तर नावाच्या गर्दीतून माणूस वेगळा काढायला त्याहून चांगला पुरावा नाही. मात्र काउंटीच्या वहीतलं खत ही कारकुनाने केलेली नक्कल असते. तुलना मूळ कागदाशीच करायची.

शेवंती:
सीनियर-ज्युनियरचं लक्षात नव्हतं, दोघांना बापलेक धरून बसले होते. १७९०च्या मागे खुद्द रोवनमध्ये काय मिळेल?

गुंठेवारी:
जमीन आणि कर. आजच्यासारखी नावानिशी जनगणना वसाहतीत क्वचितच. ऱ्होड आयलंडची १७७४ची कुटुंबप्रमुखांची यादी किंवा व्हर्जिनियाची १६२४-२५ची नोंद, ज्यात कित्येकांचं वय आणि कोणत्या जहाजाने आले तेही आहे, असे अपवाद. नॉर्थ कॅरोलिनात कराच्या याद्या. वसाहतीत गोऱ्या पुरुषाची कराची गणना १६व्या वर्षी सुरू होई. म्हणून बापाच्या नावाखाली नवा मुलगा दिसला की तो तेव्हा नुकता सोळाचा झाला, असा अंदाज बांधता येतो.

जमिनीबाबत एक गोष्ट माहीत नसली की माणसं चुकीचा निष्कर्ष काढतात. रोवनचा भाग अर्ल ग्रॅनव्हिल या इंग्रज सरदाराच्या मालकीचा होता आणि त्याची जमीन-कचेरी १७६३मध्ये बंद पडली. राज्याने पट्टे (जमिनीच्या सनदा) द्यायला सुरुवात केली ती १७७८मध्ये. मधली पंधरा वर्षं सरकारी पट्टा मिळतच नव्हता. १७७९च्या पट्ट्यावरून माणूस त्याच वर्षी आला असं समजू नका, तो दहा वर्षं आधीपासून तिथे नांगरत असेल.

पट्ट्याआधीचे कागद मागा: अर्ज, मोजणीचा हुकूम आणि मोजणीचा नकाशा. नकाशावर मोजणीची साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात. ते बहुधा भाऊ, मेहुणा किंवा बांधावरचा शेजारी. अंतरं पोलमध्ये लिहिलेली, एक पोल साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे तेहेतीस फूट, आपल्या गुंठ्याची बाजू, त्यामुळे आकृती कागदावर उतरवायला आपल्याला सोपी जाते. शेजाऱ्यांचे पट्टे जोडून काढले की कोणता मिलर कोणाच्या बांधाला होता ते उघड होतं. मग ते शेजारी १७९०च्या यादीत शोधा. यादी अक्षरवार लावलेली नसेल तर तेच शेजारी वरखाली भेटतात. अक्षरवार असेल तर ओळींच्या क्रमावरून शेजार ठरवू नका.

दप्तरदार:
१७९०ची मूळ पानं सगळीकडची नाहीत. व्हर्जिनिया, न्यू जर्सी, डेलावेअर, जॉर्जिया, केंटकी आणि टेनेसीची गेली. खुद्द नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल, ग्रॅनव्हिल आणि ऑरेंजचीही नाहीत, ती पोकळी करयाद्यांनी भरली आहे. व्हर्जिनियाचं म्हणून जे छापील पुस्तक दाखवतात ते १७८२ ते १७८५च्या राज्याच्या याद्यांवरून केलंय, जनगणनेवरून नव्हे. तुमचे मिलर व्हर्जिनियातून आल्याचा सुगावा लागला तर १७८२पासूनच्या तिथल्या चीजवस्तू-कराच्या याद्या वर्षवार बघा. दहा वर्षांच्या उडीपेक्षा त्या फार भरवशाच्या.

कोरांटी:
एक विनंती. तुमच्या मिलरांच्या ओळीत पाचव्या रकान्यात आकडा असेल तर त्यांचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी नीट वाचा. तिथे गुलामांची नावं येतात, कधी वयासकट. सरकारी जनगणनेत त्यांच्यातल्या बहुतेकांचं नाव १८७०ला पहिल्यांदा आलं, त्यामुळे त्यांच्या वंशजांना मागे जायला अशाच कागदांचा आधार असतो. ती नावं जशीच्या तशी, पानाच्या क्रमांकासह उतरवून ठेवा.

शेवंती:
नक्की उतरवते. बायबलात जॉन यांचा जन्म ११ फेब्रुवारी १७५० असा आहे. तो ताळ्यात धरू ना?

दप्तरदार:
तसाच लिहून घ्या, पण शेजारी १७५०/५१ असं टिपा. १७५१पर्यंत इंग्रजी वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून १७५०चा फेब्रुवारी आपल्या मोजणीने १७५१चा असू शकतो. शिवाय १७५२मध्ये नवं कॅलेंडर लागू करताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ तारीख आली. काहींनी जुनी जन्मतारीख अकरा दिवसांनी पुढे नेली, काहींनी नाही. जर्मन घरात बहुधा नवं कॅलेंडर आधीपासून चालायचं, मग तारखेला हात लावायची गरज नाही. बायबल कोणत्या साली छापलंय ते पहिल्या पानावर बघा. छपाई १८२०ची असेल तर जन्माची नोंद सत्तर वर्षांनी आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून उतरवलेली आहे.