मदत हवी आहे: चुन्याने भाजलेला डोळा आणि मूलपेशींचे रोपण (भाचा, वय ६)

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. गेल्या हिवाळ्यात खेळता खेळता भाच्याच्या उजव्या डोळ्यात खायच्या चुन्याची पुडी फुटली. डोळा वाचला, पण बुबुळावर शिरा आणि पांढरट पडदा चढलाय. उजेड कळतो, समोर हललेला हात कळतो, बस. डावा डोळा उत्तम आहे.

डॉक्टर म्हणतात, काळा आणि पांढरा भाग जिथे मिळतात त्या कडेच्या मूलपेशी बुबुळाचा वरचा थर आयुष्यभर नवा करत असतात. ती कडच जळाली. त्यामुळे नेत्रदानातलं बुबुळ नुसतं बसवलं तर तेही पुन्हा गढुळणार. उपाय म्हणजे चांगल्या डोळ्याच्या कडेचा जेमतेम दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा. तो प्रयोगशाळेत दोनेक आठवडे वाढवून तयार थर बसवता येतो. हे इटलीच्या संशोधकांनी १९९७ मध्ये पहिल्यांदा दाखवलं. किंवा २०१२ मध्ये हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून पुढे आलेली पद्धत: त्या तुकड्याचे आणखी बारीक तुकडे करून वारेच्या पातळ पडद्यावर चिकटवतात, पेशी डोळ्यावरच वाढतात. लॅब नको, खर्चही कमी.

ताई अडून बसली आहे. "माझ्या डोळ्यातलं घ्या, त्याच्या चांगल्या डोळ्याला हात लावू नका." पण आईच्या पेशी झाल्या तरी शरीराला त्या परक्याच. मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आली, आणि एवढ्याशा पोराला ती द्यायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. स्वतःच्या पेशींना ती लागत नाहीत. मला त्याच्याच डोळ्यातून घ्यावं असं वाटतं, पण आई ती आहे, मी मामा.

त्यात वेळेचा पेच. लाली पूर्ण उतरेपर्यंत शस्त्रक्रिया नको म्हणतात, आणि या वयात डोळा फार काळ झाकलेला राहिला तर मेंदू त्याच्याकडून बघणंच सोडून देतो. तुमच्याकडे किती थांबायला सांगितलं होतं?

कुणाच्या मुलावर यातलं काही झालं असेल तर मुख्य प्रश्न एकच: ज्या डोळ्यातून तुकडा घेतला तो काही वर्षांनी कसा आहे? आणि नंतर लेन्स, थेंब, डोळा न चोळू देणं, हे लहान मुलाकडून कसं निभावलं?

इथे इंदूरमधल्याच एका ठिकाणी 'कापाकापी नाही, डोळ्यामागे स्टेम सेलचं इंजेक्शन' म्हणून भली मोठी रक्कम सांगितली. कुठल्या चाचणीत नोंद आहे, याचं उत्तर मिळालं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सिद्ध न झालेले मूलपेशी उपचार मंजूर चाचणीबाहेर करताच येत नाहीत. त्यामुळे कृपया तसे पत्ते सुचवू नका.

ताई हा धागा वाचणार आहे. तरी अनुभव वाईट असला तर तोही जसाच्या तसा लिहा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.