एकाच ग्राहकाच्या तीन नोंदी: आधी सॉफ्टवेअर घ्यावे की आधी यादी शुद्ध करावी?

नाशिकचा विक्रेता:
घरगुती जलशुद्धीकरण यंत्रांची विक्री आणि देखभाल हा आमचा व्यवसाय आहे. ग्राहकांची माहिती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक्सेलच्या दोन याद्यांमध्ये आणि चार विक्री प्रतिनिधींच्या मोबाइलमध्ये विखुरलेली आहे. मागील आठवड्यात एकाच बाईंना फिल्टर बदलण्यासाठी आमच्याकडून एका दिवसात तीन फोन गेले, कारण त्यांची नोंद एका यादीत चव्हाण, दुसरीत चव्हान आणि तिसरीत केवळ ‘गंगापूर रोड, वरचा मजला’ अशी होती. तिसऱ्या फोनवर त्यांनी वार्षिक देखभालीचा करारच रद्द करण्यास सांगितले. अशा स्थितीत सीआरएम, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी एकाच ठिकाणी ठेवणारे सॉफ्टवेअर, घ्यावे का?

हिशेबनीस:
इतक्यात घेऊ नये. आज जो घोळ आपण फुकट सांभाळत आहात, तोच उद्या मासिक वर्गणी भरून सांभाळाल. नावावरून नोंदी जुळवण्याच्या फंदात न पडता मोबाइल क्रमांक आधार धरावा आणि त्यापूर्वी +९१, सुरुवातीचे शून्य व मधल्या मोकळ्या जागा काढून सर्व क्रमांक दहा अंकी करावेत. एक्सेलचा तो स्तंभ ‘टेक्स्ट’ प्रकारचा ठेवावा; अन्यथा ९१ लावलेला बारा अंकी क्रमांक घातांकाच्या रूपात दिसतो आणि तशीच फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेला साधा मजकूर) म्हणून जतन केल्यास शेवटचे अंक कायमचे जातात. हॉटेले आणि कार्यालये असतील, तर जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०) आणि पुढील दहा अक्षरे पॅनची असल्यामुळे एकाच संस्थेच्या शाखा ओळखता येतात.

सर्व्हिसवाला:
मोबाइल क्रमांकावर इतका भरवसा ठेवणे मला पटत नाही. यंत्र आईच्या स्वयंपाकघरात, क्रमांक पुण्यातील मुलाचा आणि दार उघडणारी व्यक्ती तिसरीच, हे आमच्याकडे नेहमीचे आहे. त्यामुळे यंत्राची नोंद त्याच्या अनुक्रमांकाने स्वतंत्र ठेवावी आणि तिला वापरणारा व पैसे देणारा असे दोघे जोडावेत. शिवाय बंद पडलेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून प्रत्येक भेटीत तो पुन्हा विचारून तारखेसह नोंदवावा. दुहेरी नोंद आढळल्यास ती पुसू नये, एकत्र करावी; पुसलेल्या नोंदीतच मागच्या वर्षी मेम्ब्रेन (यंत्रातील पाणी गाळणारा पडदा) बदलल्याची तारीख असते.

सल्लागार:
संमतीचा मुद्दा राहिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यवसायांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. त्यामुळे देखभालीच्या स्मरणासाठीची आणि जाहिरातीसाठीची संमती वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावी. ग्राहकाने ‘फोन नको’ म्हटले, तर त्याला जाहिरातीच्या यादीतून काढावे, परंतु बीजके पुसू नयेत. जीएसटी कायद्यानुसार ती त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

नाशिकचा विक्रेता:
सर्वांचे आभार. यंत्राचा अनुक्रमांक आमच्या प्रत्येक बिलावर आहे, पण यादीत कुठेच नाही, हे आत्ता लक्षात आले. उद्यापासून बिलांच्या फायली उघडतो.