डेटाबेस अपग्रेडनंतरच्या कॉन्फिगरेशनच्या अडचणी : आपले अनुभव लिहा

अपग्रेडचा लॉग निर्दोष असतो, आणि सोमवारी कामकाज सुरू होताच फोन खणखणू लागतात, हा प्रकार येथील अनेकांच्या परिचयाचा असेल. त्रुटीचा संदेश काय होता आणि दोष प्रत्यक्षात कुठे सापडला, हे दोन्ही आवृत्तीसह लिहावे, ही विनंती.

नाशिककर :
ओरॅकल या डेटाबेसच्या ११जी आवृत्तीवरून १९सी वर आल्यावर काही जुन्या खात्यांना ओआरए-०१०१७, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येऊ लागला आणि साहजिकच सगळा संशय ॲप्लिकेशन सांभाळणाऱ्यांवर गेला. पासवर्ड मात्र बरोबर होते. डीबीए_यूजर्स या व्ह्यूमधील पासवर्ड_व्हर्जन्स हा रकाना पाहिल्यावर उलगडा झाला : अडलेल्या प्रत्येक खात्यापुढे केवळ ‘१०जी’ अशी नोंद, म्हणजे पासवर्ड जुन्या १०जी पद्धतीनेच साठवल्याची खूण होती, कारण ती खाती १०जीच्या काळातली होती आणि त्यांचे पासवर्ड पुढे कोणी बदललेच नव्हते. १२.२ पासून सर्व्हरवर लॉगऑनची किमान पातळी, वेगळे काही सांगितले नसेल तर, १२ धरली जाते आणि त्या पातळीला ही जुनी नोंद चालत नाही. एसक्यूएलनेट डॉट ओआरए फाइलमध्ये पातळी तात्पुरती ११ करून कामकाज सुरू केले, खात्यांना सवडीने पासवर्ड नव्याने दिले आणि पातळी पुन्हा १२ वर नेली. ‘चालते आहे तर ११ च राहू द्या’ असा आग्रह वरून झाला होता. सुरक्षेच्या दृष्टीने तो मला मुळीच पटला नाही.

रात्रपाळी :
आमचेही १९सी च, पण लॉगिन सुरळीत होते. रात्रीच्या फाइली तेवढ्या तयार होईनात आणि ओआरए-२९२८०, म्हणजे फोल्डरचा मार्ग चुकीचा असल्याचा संदेश येई. फाइली कोणत्या फोल्डरमध्ये लिहायच्या हे सांगणारे यूटीएल_फाइल_डीआयआर हे पॅरामीटर १८सी पासून बाद झाले आहे. त्याऐवजी डिरेक्टरी ऑब्जेक्ट, म्हणजे फोल्डरला डेटाबेसमध्ये दिलेले नाव, तयार करून हक्क दिले, तरी एक प्रोग्राम अडलाच, कारण त्यात ऑब्जेक्टचे नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांऐवजी छोट्या अक्षरांत लिहिले होते.

सह्यकडा :
पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १२ वरून १६ वर जाताना जुनी कॉन्फिगरेशन फाइल जशीच्या तशी उचलून ठेवलेली होती, त्यामुळे सर्व्हर उठेचना. वॅल, म्हणजे बदलांची नोंदवही, किती राखून ठेवायची हे सांगणारे वॅल_कीप_सेगमेंट्स हे नाव १३ मध्ये गेले आणि त्याजागी वॅल_कीप_साइज आले. येथे नुसते नाव बदलून भागत नाही : पूर्वीचे ६४ म्हणजे १६ एमबीचे ६४ सेगमेंट (नोंदवहीचे तुकडे), आताचे ६४ म्हणजे केवळ ६४ एमबी. स्टँडबाय, म्हणजे राखीव सर्व्हर, मागे पडू नये म्हणून १०२४ लिहावे लागले.

नाशिककर :
ओरॅकलशी जावा प्रोग्राम जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर जुना असेल तर ओआरए-०१०१७ ऐवजी ओआरए-२८०४० दिसतो; तेथे पासवर्ड बदलून उपयोग नाही, ड्रायव्हरच बदलावा लागतो.