‘कन्सेन्सस’ म्हणजे बहुमत, एकमत की सहमती?

प्रश्न: एका लेखाचं संपादन करते आहे. त्यात वाक्य आहे, ‘बिटकॉइनचे नियम नेटवर्कच्या बहुमताने ठरतात.’ लेखकाला ‘कन्सेन्सस’ म्हणायचं आहे. बहुमत चालेल का?

उत्तर १: नको, ताई. बहुमत म्हटलं की हरलेल्यालाही निर्णय पाळावा लागतो. सोसायटीच्या सभेत ठराव झाला की विरोध करणाऱ्याचंही बिल वाढतं. बिटकॉइनमध्ये पूर्ण नोड (नेटवर्कचे सगळे नियम तपासणारा संगणक) चालवणारा प्रत्येक जण आलेला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, स्वतः तपासतो आणि नियमात न बसणारा नाकारतो, मग त्यामागे कितीही मायनर (संगणकीय काम करून ब्लॉक बनवणारे) असोत.

२०१७ चंच बघा. मे महिन्यात पन्नासहून जास्त कंपन्यांनी न्यूयॉर्क करार केला. सेगविट (व्यवहारांतल्या सह्या वेगळ्या ठेवणारा बदल) आणायचं आणि मग ब्लॉकच्या आकाराची मर्यादा दुप्पट करायची, असं ठरलं. सुमारे ८३ टक्के हॅशपॉवर, म्हणजे मायनरांची संगणकीय ताकद, त्यांच्या बाजूला होती. तरी ८ नोव्हेंबरला दुप्पट मर्यादेचा बेत त्यांनी मागे घेतला, आणि कारण दिलं ते पुरेसा कन्सेन्सस न झाल्याचं. ८३ टक्के असूनही! इथे ‘बहुमत’ लिहिलं तर वाक्यच खोटं ठरतं. ‘सहमती’ लिहा.

उत्तर २: सहमती बरोबर आहे, पण बहुमताला पार हाकलू नका. एकाच वेळी दोन वैध ब्लॉक आले, तर शेवटी ब्लॉकच्या ज्या साखळीवर जास्त संगणकीय काम झालं ती टिकते. तिथे हॅशपॉवरचं बहुमत खरंच चालतं. म्हणून तर ५१ टक्क्यांच्या हल्ल्याची, म्हणजे निम्म्याहून जास्त हॅशपॉवर एकाच्याच हाती जाण्याची, भीती. पण असा हल्लेखोरही २.१ कोटी नाण्यांची मर्यादा ओलांडू शकत नाही, की दुसऱ्याच्या गुप्त डिजिटल किल्लीशिवाय त्याची नाणी खर्चू शकत नाही. व्यवहारांच्या क्रमाबद्दल वाक्य असेल तर बहुमत, नियमांबद्दल असेल तर सहमती.

प्रश्नकर्ती: मग ‘एकमत’ का नको?

उत्तर १: कारण ते व्हावंच लागत नाही. २०१६ मध्ये इथेरियम या दुसऱ्या नेटवर्कवर ‘द डीएओ’ या सामायिक गुंतवणूक निधीमधून सुमारे ३६ लाख इथर (तिथलं नाणं) लंपास झाले. ते परत मिळवायला २० जुलैला हार्ड फोर्क, म्हणजे जुन्या नियमांशी न जुळणारा बदल, केला. ज्यांना तो मान्य नव्हता ते जुन्याच साखळीवर राहिले, तीच इथेरियम क्लासिक. दोन्ही आजही चालू आहेत. जे सहमत, ते एका साखळीवर, एवढाच अर्थ. याच ओघात, फोर्कला ‘फाटा’ म्हणा. ‘फूट’ फक्त अशी दोन नाणी झाल्यावर.

उत्तर ३: मला ‘ठरतात’ जास्त खटकतं. कोण ठरवतं? बिटकॉइन कोअरचे (नोड चालवायच्या मुख्य सॉफ्टवेअरचे) डेव्हलपर बदल सुचवतात, तपासतात, नवी आवृत्ती काढतात. ती नोड चालवणाऱ्यांनी आपल्या मशीनवर चालवायची की नाही, हे डेव्हलपरांच्या हातात नाही.

प्रश्नकर्ती: पटलं. असं करते: ‘बिटकॉइनचे नियम डेव्हलपर सुचवतात, नोड चालवणाऱ्यांच्या सहमतीने ते लागू राहतात.’

उत्तर १: ‘लागू राहतात’ छान. तसंच ठेवा.