गिअरबॉक्सखाली पुन्हा लाल तेल: शनिवारी गाडी न्यावी का?

प्रेषक: वाहतूक समिती

सप्रेम नमस्कार,
ध्वनियंत्रणेच्या जुन्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीखाली पुन्हा लाल तेल साचले आहे. पॅनचे (गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याचे) गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी पट्टी, मागच्या वेळीच बदलले होते. गाडी चालवून आणल्यावर जमीन कोरडी असते, मात्र रात्रभर उभी राहिली की डाग पडतो. गॅरेजमध्ये पूर्ण गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. उद्यापर्यंत ठरवावे लागेल.

प्रेषक: कोषाध्यक्ष

गिअरबॉक्स उतरवण्याच्या खर्चाला बैठकीशिवाय मंजुरी मिळणार नाही. गळती थांबवणारे औषध ओतून पाहावे. माझ्या भावाच्या गाडीला त्याने चांगला गुण आला होता.

प्रेषक: माजी वाहतूक प्रमुख

कोषाध्यक्षांच्या भावाच्या गाडीचे रबरी सील वयाने कडक झाले असेल, तर त्या औषधाने ते मऊ होऊन फुगले असणार आणि गळती थांबली असणार. परंतु फाटलेले गॅस्केट किंवा गंजलेली कूलरची (तेल थंड करणाऱ्या भागाची) नळी औषधाने सांधली जात नाही. आधी गळतीचे मूळ सापडले पाहिजे. तेल ओघळत खाली येते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते, त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथेच दोष असतो असे नाही. खालची बाजू धुऊन कोरडी करावी आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत वरची ओली जागा शोधावी.

गाडी उभी असतानाच गळते, ही खूण मला महत्त्वाची वाटते. इंजिन बंद झाल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमधले (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागातले) तेल हळूहळू पॅनमध्ये उतरून तिथली पातळी वाढू शकते आणि एरवी तेलाच्या वर असलेले गिअर निवडण्याच्या दांड्याचे सील त्यात बुडू शकते. हे सील अनेक गाड्यांत गिअरबॉक्स न उतरवता बदलता येते. बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथल्या कवचाच्या) तळातून लाल तेल येत असेल, तर मात्र पुढच्या पंपाच्या सीलचा संशय घ्यावा. तिथे गॅरेजचे म्हणणे खरे ठरेल.

तोवर पातळी सांभाळावी. तेल कमी पडले की पंप हवा ओढतो, दाब घटतो आणि क्लच घसरून जळतात. इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना डिपस्टिक (तेलाची पातळी मोजायची पट्टी) पाहावी.

प्रेषक: कार्यकारिणी सदस्या

इंजिन चालू ठेवूनच पाहावे, हा नियम सरसकट लागू होत नाही. होंडाच्या अनेक जुन्या गाड्यांत इंजिन गरम करून, बंद केल्यावर लगेच पातळी पाहतात. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. पुस्तिकेत लिहिलेली पद्धत आणि त्यातच सांगितलेल्या प्रकारचे तेल वापरावे. पातळी जास्त झाली तर फेस होऊन तेल हवेच्या नळीतून बाहेर येते आणि नवीच गळती असल्याचा भास होतो.

प्रेषक: वाहतूक समिती

गाडीबाबतचा निर्णय समितीचाच राहील, तरी सूचनेप्रमाणे आज पाहणी केली. बेलहाउसिंग आणि कूलरच्या नळ्या कोरड्या आहेत. दांड्याभोवती ओल आहे आणि तिथूनच ओघळ पॅनच्या कडेपर्यंत आला आहे. औषध ओतलेले नाही. सील बदलण्यासाठी दुसऱ्या गॅरेजला विचारले आहे. तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडले तर पेट घेऊ शकते, म्हणून दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी बाहेर काढणार नाही. शनिवारच्या सामानासाठी ज्यांची मोठी गाडी मोकळी आहे त्यांनी आज रात्री कळवावे.